तळहातावरचं यंत्र आणि घरभर बायको

"आवाजातलं मला कोणी शिकवू नये!" असं कानसेन दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. समोर कोणी नसलं तर आरशाला म्हणायचे.

कानसेन हे नाव त्यांना इमारतीने बहाल केलेलं. कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायचं, हे त्यांचं काम. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीक 'टूंऽ' सोडायचं आणि "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं. जन्म गेला त्यात! त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. एक, ज्यांना ऐकू येतं. दोन, ज्यांना ऐकू येतंय असं नुसतं वाटतं. स्वतः अर्थातच पहिल्या प्रकारातले. शेजारच्या घरात नळ ठिबकला तरी हे इकडे बसून सांगणार, "वॉशर गेलाय!"

तर या माणसाची बायको लेकीकडे गेली होती. लेक लांब, विमानाने जावं लागतं इतकी लांब. तिला बाळ झालं, मग आई गेली. निघताना दारात बायको म्हणाली, "तुमचं कसं होणार हो?"

कानसेन छाती पुढे काढून म्हणाले, "उत्तम होणार! घराला जरा शांतता तरी मिळेल."

मिळाली. एवढी मिळाली की ठेवायला जागा पुरेना! संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की फ्रीज घुर्र करायचा, तेवढंच काय ते स्वागत. दूध तापायला ठेवलं की ते उतू जाईपर्यंत कानसेन त्याच्याकडे बघत उभे राहायचे, कारण "गॅस बारीक करा" असं ओरडणारं कोणी नव्हतं. पलंग अख्खा रिकामा, तरी हे आपले भिंतीला चिकटून, स्वतःच्याच बाजूला. आठवण येणं म्हणजे काय असतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळत होतं. आणि सांगणार कोणाला? तोंडाने तर शांततेचे गोडवे गाऊन बसलेले!

त्यात परवा लेकीचा व्हिडिओ फोन आला. "बाबा, मी आता कामावर जायला लागणार. आईला आणखी सहा महिने राहू दे ना? शनिवारपर्यंत तिचं परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागेल."

मागे बायको बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. ती फोनकडे बघत राहिली.

सहा महिने! 'नको, पाठव तिला,' एवढे तीन शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. पण इतकी वर्षं ज्याने घरात कधी "तू मला हवी आहेस" असलं काही उच्चारलं नाही, तो लेकीसमोर कसा उच्चारणार? ते म्हणाले, "राहू दे की! खुशाल राहू दे! माझं काय अडलंय?"

"बरं," बायको म्हणाली आणि बाळाचं दुपटं सारखं करायला लागली.

त्या "बरं"नंतर कानसेनांना चैन पडेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की घरात आवाज नाही हेच आपलं दुखणं आहे. आवाजाचा तज्ज्ञ आहोत, आवाज आणू! आणि दवाखाना सुटल्यावर ते तडक गाण्याच्या यंत्रांच्या दुकानात शिरले.

दुकानदाराने तळहातावर मावेल अशी काळी चपटी डबी पुढे ठेवली.

"ही काय, साबणाची?"

"अँप्लिफायर आहे साहेब! इंटरनेटवरून गाणं घेतो आणि थेट स्पीकरना देतो. तुम्ही फोनवरून नुसतं सांगायचं."

"एवढ्याशा जिवातून आवाज तो काय निघणार? आवाजातलं मला कोणी..."

"डोळे मिटा साहेब."

मिटले. आणि काय सांगावं! दुकानात मधोमध एक बाई येऊन उभी राहिली. डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे जरा मागे पियानो. ओळ उचलण्याआधी बाईने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. खालचे स्वर भरदार, पण घुमत नव्हते. वरचे स्वर लख्ख, पण कानाला टोचत नव्हते. कानसेनांनी डोळे उघडले तर समोर दुकानदार दात कोरत उभा! त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाले, "बांधून द्या. स्पीकरसकट!"

घरी आल्यावर मांडामांड सुरू झाली. दोन स्पीकर आणि ऐकणारा, या तिघांत सारखं अंतर हवं. कानसेनांनी दोरी लावून मोजलं, तर ऐकणाऱ्याची जागा नेमकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली! सोफा हलेना, भिंत तर हलणारच नाही. मग काय, उंबऱ्यावर स्टूल टाकून साहेब बसले. ना धड हॉलमध्ये, ना धड स्वयंपाकघरात. गाणं लावलं. वा! काय आवाज! बाई आता त्यांच्या हॉलमध्ये, टीपॉयच्या किंचित मागे उभी राहून गात होती.

"अहाहा! ऐकलंस?" म्हणून कानसेन मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघराकडे वळले.

आत पालथी घातलेली चार भांडी होती.

गाणं चालू राहिलं, पण त्यातली मजा गेली. एकट्याने 'वा' म्हणण्यात काय राम असतो हो? त्याला दुसरं माणूस लागतं. निदान "हळू लावा" म्हणणारं तरी लागतं! त्यांनी गाणं बंद केलं. तेवढ्यात फोनवर बायकोचा बोलका निरोप आला. ती लिहायची नाही, बोलून पाठवायची. कानसेनांनी सवयीने बोट लावलं. फोन यंत्राला जोडलेलाच होता.

"अहो, जरा ऐकता का?"

"आलो, आलो!" कानसेन असे उठले की स्टूल एकीकडे आणि ते दुसरीकडे! आवाज हॉलच्या मधोमध होता. टीपॉयमागच्या खुर्चीतून. तिच्या खुर्चीतून!

"पाण्याची टाकी बघितली का? आणि पंखा बंद करून जात जा. परवा दिवसभर चालू होता म्हणालात."

फोनच्या चिमुकल्या भोकातून ही बायको रोज ऐकायचे, पण तिथे ती डब्यात कोंडल्यासारखी लागायची. इथे ती अख्खी होती! बोलताना चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा टक् आवाज. 'परवा' म्हणताना जरा बसलेला घसा. बोलणं संपल्यावरचा लांब उसासा. कानसेनांनी डोळे मिटून निरोप परत लावला. मग परत. गाणारी बाई सुरेल होती यात वाद नाही, पण तिने कधी पंख्याची चौकशी केली नव्हती.

"केला गं बंद," ते खुर्चीकडे बघून म्हणाले. आणि मग त्यांनी मागचे सगळे निरोप एकेक करून लावले. भाजी संपली का, औषध घेतलं का, खिडकीला कडी लावली का. प्रत्येकाला त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. फोनवर कधी दिलं नव्हतं इतकं सविस्तर! आपल्या रिकाम्या घरात त्या दिवशी त्यांनी पोटभर गप्पा मारल्या.

इमारतीच्या भिंती मात्र पातळ. दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलंच.

"वहिनी आल्या वाटतं? आणि आम्हाला पत्ता नाही!"

"छे, छे! कुठे?"

"मला काय वेडी समजता? काल दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकलं मी! त्या बोलत होत्या, तुम्ही उत्तरं देत होता."

आता आली का पंचाईत! 'मी एका डबीशी गप्पा मारत होतो,' असं शहाण्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं? कानसेन चाचरले. "हां... म्हणजे... आली आहे. कालच."

"मग येतेच भेटायला!"

"नको! झोपलीय. विमानाचा शीण हो. चांगले दोन-चार दिवस झोपेल असं दिसतंय!"

आणि प्रकरण मिटलं असं समजून ते कामाला गेले. कानाचे तज्ज्ञ, पण जिभेचा काही अभ्यास नव्हता त्यांचा!

संध्याकाळी पुन्हा स्टूल, पुन्हा बायको. पण आज तिचा आवाज मधोमध बसेना, खुर्चीच्या जरा डावीकडून यायला लागला. कानसेन ऐकतात होय! एकदा स्पीकर सरकवायचा, एकदा तोच निरोप लावायचा, असं सुरू झालं. त्यामुळे वरच्या मजल्यावर काकूंना जे ऐकू आलं ते असं:

"अहो, पंखा बंद केलात का?"

"सरक! आणखी सरक! भिंतीला चिकटू नकोस!"

"अहो, पंखा बंद केलात का?"

"आज फार चिरकतेस! थांब, तुझा आवाज कमीच करतो!"

"अहो, पंखा बंद केलात का?"

"हां! आता कशी गप बसलीस मधोमध! हलायचं नाही आता!"

काकूंच्या हातातला चहा कपातच राहिला. बाई एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलतेय, म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय. नवरा अंगावर खेकसतोय, म्हणजे त्याच्याही झालाय. आणि आल्यापासून तिला कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही! काकूंनी लगोलग कानसेनांच्या मेव्हणीला फोन लावला. ती दोन रस्ते सोडून राहायची. "तुमच्या ताई आल्यात, ठाऊक आहे का? त्या काही पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत हो!"

मेव्हणीने ताईला फोनवर फोन केले. पण तिकडे पहाट असावी, कोणी उचलला नाही. झालं! संशयाची खात्री झाली. शुक्रवारी संध्याकाळी मेव्हणी डोळे पुसत इमारतीत येऊन थडकली. काकू तयारच होत्या. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनाही त्यांनी बरोबर घेतलं. ते दातांचे डॉक्टर होते, पण काकू म्हणाल्या, "डॉक्टर तो डॉक्टर! तोंडापासून डोकं कितीसं लांब?"

दारापाशी तिघं थबकली. आतून स्पष्ट आवाज आला, "अहो, दाराला आतून कडी घाला बरं का. तुम्ही विसरता."

"ताई!" मेव्हणीने हंबरडा फोडला आणि दार ढकललं. कानसेन खरंच विसरले होते. दार उघडलं.

उंबऱ्यावर स्टूल. स्टुलावर डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसलेले कानसेन. हॉलमध्ये दुसरं कोणी नाही!

"भाऊजी! ताई कुठे आहे?"

कानसेन दचकून उठले. "ती... ती इथं नाहीये."

"आत्ता आवाज ऐकला आम्ही!" मेव्हणीने न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं. कपाटातून तिच्या ताईची जुनी शाल तेवढी अंगावर पडली. शाल छातीशी धरून ती किंचाळली, "कुठे ठेवलीत माझ्या ताईला?"

कानसेनांनी टीपॉयवरच्या काळ्या डबीकडे बोट दाखवलं. "त्यात."

काकू मटकन सोफ्यावर बसल्या. दातांचे डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बसा हं तुम्ही. काही होत नाही. झोप लागते का?"

"अहो, मी ठणठणीत आहे! हा अँप्लिफायर आहे! ती लेकीकडेच आहे, तिचे निरोप ऐकत होतो मी!"

"मग आल्यात म्हणून मला का सांगितलंत?" काकू कडाडल्या.

कानसेनांनी घाईघाईने एक निरोप लावला. "आज बाळ पहिल्यांदा हसलं हो. तुम्ही असतात तर..." पुढचं वाक्य तिने अर्धंच सोडलं होतं, आणि मागे कुठेतरी चमचा वाटीवर टिणटिणला.

मेव्हणीने डोळे मिटले. "अगं बाई... इथंच बसलीय ताई," ती शालीत तोंड खुपसून म्हणाली. डॉक्टर मान डोलवत राहिले. "खालचे स्वर काय सुरेख आहेत! आणि एवढ्याशा डबीतून?"

"शिवाय घुमत नाहीत," कानसेनांनी तेवढ्यातही सांगून घेतलं.

"आणखी एक लावा ना," काकू म्हणाल्या. "माझी काही आठवण काढतात का हो त्या?"

कानसेनांनी पुढचा लावला. आवाज लख्ख! एक अक्षर खाली पडेल तर शपथ! "आणि हो, वरच्या काकूंनी पातेलं मागितलं तर देऊ नका. मागच्या वेळचं अजून यायचंय."

काकूंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. त्या म्हणाल्या, "एवढा स्पष्ट आवाज काही बरा नव्हे!"

तेवढ्यात फोन वाजला. यंत्रातूनच वाजला, त्यामुळे सगळ्या खोलीत वाजला. कानसेनांनी गडबडीने उचलला.

"अहो! काय झालं? धाकटीचे फोनच फोन येऊन गेलेत. तुम्ही बरे आहात ना?"

आता निरोप नव्हता, ती स्वतः होती! खोलीच्या मधोमध, धापा टाकत. "हो, हो, बराय मी," असं म्हणत कानसेनांनी यंत्र बंद करायला बोट टेकवलं. पण घाईत बोट भलत्याच जागी पडलं. आवाज बंद व्हायच्या ऐवजी मोठा झाला! मेव्हणी, काकू, डॉक्टर, तिघांनीही कान टवकारले. उठून जावं हे एकालाही सुचलं नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही.

"मग एक विचारू का?" बायकोने आवाज खाली घेतला. खाली घेतला म्हणजे काय, तिघांना तो आणखीच जवळून ऐकू आला! "उद्या शनिवार. लेक तिकीट पुढे ढकलायचं म्हणतेय. तुम्ही खुशाल राहा म्हणालात. मला... म्हणजे खरं सांगा हं, तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

कानसेनांनी तोंड उघडलं. 'मला काय धाड भरलीय' हे नेहमीचं वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण 'वाटत नाही?' म्हणण्याआधी तिने आवंढा गिळला होता, आणि तो आवंढा त्यांना ऐकू आला. आयुष्यभर हजारो माणसांना 'ऐकू आलं की बटण दाबा' म्हणून सांगणारा हा माणूस! ऐकू आलं, पण दाबायला बटण कुठलं?

मेव्हणी हाताने खुणा करत होती, 'बोला, बोला!' काकूंनी पदराने आधीच नाक पुसायला घेतलं होतं.

"वाटतं," कानसेन म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "फार वाटतं गं. घर खायला उठतं. संध्याकाळी कुलूप उघडावंसं वाटत नाही. तुझे ते पंख्याचे आणि टाकीचे निरोप मी रोज बसून ऐकतो, एकेक दहादा ऐकतो. मला शांतता नकोय. तू ये."

यंत्र असं की त्यात गप्प बसलेलंही ऐकू यावं! तिचा श्वास ऐकू आला, नाक ओढलेलं ऐकू आलं, मांडीवरच्या बाळाची कुरकुरसुद्धा.

"नाही येत," ती म्हणाली.

"काय?"

"लेकीचं कामाचं अडेल हो. बाळ एवढंसं आहे. मी राहायचं आधीच ठरवलं होतं. तुम्हाला काही वाटतं का, तेवढंच ऐकायचं होतं मला." आणि मग एकदम हसून, रडून, दोन्ही एकदम, "तुम्हीच का येत नाही?"

"मी?" कानसेन गडबडले. "मी तिथं येऊन काय करू? लेक कामात, तू बाळात. माझा तिथं कोणाला काय उपयोग?"

"उपयोग?" बायकोचा आवाज कापला. "अहो, लेक कानात ते इअरफोन खुपसून काम करते. जावई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. बाळाला काही कळत नाही. दिवसभर मी एकटी बोलत असते, आणि मधेमधे 'हं' म्हणायला इथे कोणी नाही. तुम्ही समोर पेपर धरून, काही न ऐकता म्हणायचात ना, तसं. तेवढं म्हणायला या. याल?"

कानसेनांचे डोळे भरले. एवढी मोठी विद्या, आणि शेवटी जगात त्यांची गरज कशासाठी निघाली, तर एका अक्षरासाठी! पण ते अक्षरही त्यांना चटकन फुटेना. त्यांनी मान हलवली, मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात आलं. मोठ्या कष्टाने ते म्हणाले,

"हं."

आणि त्याच क्षणी मागून, शालीत तोंड खुपसलेली मेव्हणी, नाक पुसणाऱ्या काकू आणि डोळे मिटून बसलेले दातांचे डॉक्टर, तिघंही एका सुरात, अगदी मनापासून म्हणाली, "हंऽऽ!"

मग यंत्रातून आला तो आवाज इतका स्वच्छ होता की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"अहो! कोण कोण बसलंय तिथं?"